मागच्या चाकाची पाठराखण

दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे फटफटीच्या मागच्या चाकाचा इतिहास मांडणे म्हणजे चकल्या-करंज्यांच्या ताटात नटबोल्ट वाढण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. तरीही हे धाडस करतो आहे. कारण या चाकाच्या इतिहासात राजेरजवाडे किंवा लढाया नसल्या, तरी माणसे फार चांगली आहेत. मुलाचे हाल न पाहवणारा बाप त्यात आहे, पांगळ्या भावासाठी गाडी बांधणारा भाऊ आहे, आणि एका साध्या स्प्रिंगवर वर्षानुवर्षे विश्वास न ठेवणारे हट्टी स्वारही आहेत. ही कहाणी मुख्यतः रानवाटांवर, चिखलात आणि दगडधोंड्यांत धावणाऱ्या फटफट्यांची आहे. पण तिचा शेवटचा लाभ डांबरी सडकेवरून कचेरीला जाणाऱ्या तुमच्या-आमच्या पाठीच्या मणक्यांना मिळालेला आहे.

चाक आणि हिसका ही जोडी फार जुनी. आपल्या बैलगाडीला स्प्रिंग नसे. लोखंडी धाव चढवलेले चाक दगडावर आदळले की तो दगड थेट बसणाऱ्याच्या कवटीत ऐकू येई. आजीला माहेरी नेताना गाडीत कडब्याचा थर घालून वर घोंगडी अंथरीत, हाच काय तो त्यावरचा उपाय. टांग्याला पोलादी पाटे आले आणि प्रवासाला थोडी माणुसकी आली. पुढे बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी नळी बसवली, आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश माणसाला ही कल्पना त्याच्याही चाळीसेक वर्षे आधी सुचलेली होती, पण जगाने ती उचलली नव्हती. मुलाची सायकल खडखडते म्हणून बाप कामाला लागला आणि साऱ्या जगाची चाके मऊ झाली! हा बाप आणि हे बेलफास्ट वाचकांनी ध्यानात ठेवावे. दोघांशीही पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

फटफटी जन्मली ती सायकलीच्या पोटी. म्हणून तिची चौकटही सायकलीसारखीच ताठ. पुढच्या चाकाला लवकरच स्प्रिंगा आल्या, कारण हँडल धरणारे हात दुखू लागले की तक्रार ताबडतोब होते. मागचे चाक मात्र चौकटीत घट्ट आवळलेले राहिले. स्वारासाठी खोगिराखाली दोन स्प्रिंगा दिल्या की कारखानदाराचे कर्तव्य संपले. १९१३ साली अमेरिकेच्या 'इंडियन' कंपनीने मागच्या चाकाला पाटे लावून पाहिले. १९२८ साली फिलिप व्हिन्सेंट या तरुण इंग्रजाने एक त्रिकोणी मागची चौकट बिजागरीवर टांगली आणि तिच्या स्प्रिंगा बैठकीखाली दडवल्या. पण गिऱ्हाईक बिचके. मागचे चाक हलू लागले तर गाडी वळणावर वळवळेल, अशी त्या काळची ठाम समजूत होती. ती अगदीच खोटीही नव्हती. सैल बिजागरीची गाडी खरोखरच वळवळते. म्हणून मग लोकांनी बिजागरी पक्की करण्याऐवजी चाकच पक्के करून टाकले होते.

आता रानवाटेकडे वळू. १९२४ सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडात कॅम्बर्लीच्या माळावर फटफट्यांची एक शर्यत झाली. आजवरच्या रानवाटेच्या कसोट्यांत कौशल्याला गुण असत. येथे मात्र जो आधी पोहोचेल तो पहिला. चढ, उतार, झुडपे आणि चिखल यांतून जी धांदल उडाली तिचेच नाव त्या खेळाला पडले: 'स्क्रँबल', म्हणजे झुंबड. पुढे युरोपात याच खेळाला मोटोक्रॉस म्हणू लागले. ताठ चौकटीच्या त्या गाड्यांवर स्वार बसत नसत. पावठ्यांवर उभे राहत. स्वाराचे दोन गुडघे हेच मागच्या चाकाचे स्प्रिंग! कमरेला रुंद पट्टा करकचून आवळत, तो पोटातली आतडी जागच्या जागी राहावीत म्हणून. त्या काळच्या स्वारांच्या पराक्रमाचे वर्णन करताना आपण छाती मोजतो; खरे तर गुडघे मोजायला हवेत.

मधल्या काळात तडजोडी पुष्कळ झाल्या. चाकाचा आस दोन उभ्या नळ्यांत वरखाली सरकेल अशी 'प्लंजर' पद्धत आली. ट्रायम्फ कंपनीने तर मागच्या चाकाच्या तुंब्यातच स्प्रिंगा कोंबल्या. या तुंब्यातल्या स्प्रिंगा इतक्या दाबून बसवलेल्या असत, की अजाण माणसाने तो उघडला तर जिवावर बेतावे. एवढे करून चाक हलायचे किती? दोनेक इंच! शिवाय तुंबा जड झाला. येथे यंत्रशास्त्रातली एक साधी गोष्ट सांगायला हवी. चाकाने जमिनीच्या उंचसखलपणामागे धावायचे असेल तर चाक हलके हवे. जड चाक एकदा उडाले की उडालेलेच राहते. आणि हवेत असलेले चाक ना गाडी पुढे ढकलू शकत, ना थांबवू शकत. स्प्रिंग ही बसणाऱ्याच्या सुखासाठी असते, असे आपण समजतो. तिचे पहिले काम आहे चाक मातीला धरून ठेवणे. सुख हा वरचा प्रसाद.

पण नुसती स्प्रिंगही पुरत नाही. स्प्रिंग ही उधार ठेवणाऱ्या वाण्यासारखी असते. घेतलेला प्रत्येक धक्का ती व्याजासकट नसला तरी पुरेपूर परत करते. दगड ओलांडून गेला, तरी गाडी आपली डोलतेच आहे! म्हणून तो परत येणारा धक्का कोठे तरी जिरवावा लागतो. नळीत तेल भरायचे, त्यात बारीक भोकांचा दट्ट्या फिरवायचा. तेल भोकांतून रेटले जाते, तापते, आणि धक्क्याची सारी शक्ती उष्णता होऊन हवेत विरते. यालाच इंग्रजीत शॉक अ‍ॅब्झॉर्बर म्हणतात, आणि आमच्या गॅरेजांत त्याचे सुटसुटीत 'शॉकअप' झाले आहे. हे ज्ञान विमानांच्या पायांतून खाली उतरले. विमान जमिनीवर टेकताना जो दणका बसतो तो जिरवण्यासाठी डाउटी कंपनी हवा आणि तेल यांचे पाय बनवीत असे. १९३६ साली व्हेलोसेट कंपनीने तसेच पाय आपल्या शर्यतीच्या फटफटीला मागे लावले. आणि चाक धरायला दिला एक झुलता चिमटा. चिमट्याचे एक टोक चौकटीत बिजागरीवर, दुसऱ्या टोकात चाक, आणि दोन्ही बाजूंना एकेक उभा शॉकअप. आज रस्त्यावरची बहुतेक प्रत्येक मोटरसायकल याच चिमट्याची वंशज आहे.

हा चिमटा जगाच्या गळी उतरवला तो रेक्स मॅकँडलेस याने, आणि तोही बेलफास्टचाच! याचे शिक्षण कारखान्याच्या दारातले नव्हे. युद्धाच्या काळात आपल्या घरच्या गाडीला त्याने सिट्रोएन मोटारीचे शॉकअप उभे लावून झुलता चिमटा बनवला, आणि ताठ चौकटीच्या गाड्यांना असाच चिमटा जोडून देण्याचा उद्योग आरंभला. पुढे त्याने रचलेली चौकट नॉर्टन कंपनीने घेतली. १९५० साली आइल ऑफ मॅनच्या मोठ्या शर्यतीत जेफ ड्यूक त्याच चौकटीवर पहिला आला. हॅरॉल्ड डॅनियल या नॉर्टनच्या स्वाराने त्या गाडीला पिसांच्या गादीची उपमा दिली, आणि 'फेदरबेड' हे नाव कायमचे चिकटले. गादी मऊ, पण वेग मात्र सगळ्यांहून अधिक! ताठरपणा म्हणजेच ताकद, हा जुना समज सडकेच्या शर्यतीपुरता तेथे निकालात निघाला.

रानवाटेचे स्वार मात्र अजून ऐकायला तयार नव्हते. दगडांच्या चढणीवर मागचे चाक ताठ असले तरच ते पकड घेते, हलते चाक घसरते, असे त्यांचे म्हणणे. १९४८ साली रॉयल एन्फील्ड कंपनीने झुलत्या चिमट्याची नवी 'बुलेट' अशा एका कसोटीत उतरवली तेव्हा जाणत्यांच्या भुवया उंचावल्या. त्याच वर्षी इटलीत सान रेमो येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी झाली; ब्रिटनचा संघ जिंकला, त्यात बुलेटी होत्या, आणि त्यांच्या स्वारांना सुवर्णपदके मिळाली. पुढे १९५२ साली जॉनी ब्रिटन बुलेटवरच स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी जिंकला, तेव्हा उरलेसुरले आक्षेपही मावळू लागले. मागचे चाक खाचखळग्यांत खाली उतरते आणि दगडावर वर चढते, म्हणूनच ते पकड सोडत नाही, हे लोकांना पटायला एवढी पदके लागली.

ही बुलेट पुढे आपल्या लष्कराने सरहद्दीच्या गस्तीसाठी पसंत केली, आणि १९५५ पासून ती मद्रासला जुळू लागली. विलायतेतला मूळ कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला. मद्रासची मात्र चालतच राहिली. सान रेमोच्या डोंगरांत जिचा मागचा चिमटा कसाला लागला, ती गाडी दूधवाल्यांच्या आणि पोलीस हवालदारांच्या रूपाने आपल्या गावागावांत पोचली. इतिहास असा पायरीशी उभा असतो, पण त्याच्या मडगार्डवर कोणी तारीख लिहून ठेवत नाही.

माझ्या भाच्याने अशीच एक जुनी बुलेट घेतली आहे आणि तिला घाटमाथ्यावरच्या कच्च्या वाटांनी फिरवण्याचा त्याला नाद आहे. गाडीची मागची बाजू लावून घेण्याचा एक दुपारभराचा सोहळा आमच्या अंगणात झाला. त्यातली कृती वाचकांना सांगतो, कारण जुन्या गाडीवर ती सर्वत्र सारखीच आहे.

आधी गाडी मधल्या स्टँडवर चढवून मागच्या चाकाची कड दोन्ही हातांनी धरायची आणि आडवी हलवायची. खटखट झाली तर चिमट्याचे बुश गेले. ते बदलल्याखेरीज पुढचे सारे व्यर्थ. मग चाक अधांतरी असताना आसापासून बरोबर वर मडगार्डवर एक खडूची खूण करून अंतर मोजायचे. त्यानंतर गाडी खाली उतरवून स्वाराने बसायचे, तेही रोजच्या पोशाखात, पिशवी-बूट यांसकट. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही बसा, मी मोजतो." मी म्हटले, "अरे, गाडी चालवणार तू, मग वजन माझे कशाला? माझ्यात दिवाळीचा फराळ जास्त आहे!" तो बसला, मी मोजले. दोन अंतरांतला फरक म्हणजे गाडीची बसण. चाकाची एकूण चाल तीन इंच असेल, तर त्यातला साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे एक इंच, स्वाराच्या वजनाने खर्च व्हावा. बसण मुळीच नसेल तर चाकाला खळग्यात खाली उतरायला वाव उरत नाही. फार असेल तर दगडावर चढताना वरची जागा संपून गाडी ठोकर खाते.

बसण कमी-जास्त करण्यासाठी शॉकअपच्या बुडाशी खाचांचे कडे असते. ते पान्याने फिरवले की स्प्रिंग थोडी आधीच दाबली जाते आणि गाडी वर उठते. येथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. कडे फिरवल्याने स्प्रिंग कठीण होत नाही; तिचा स्वभाव तोच राहतो, फक्त तिची सुरुवात पुढे ढकलली जाते. सगळ्या खाचा संपल्या तरी बसण जास्तच राहिली, तर स्प्रिंगच जाडी घ्यावी. मग बैठक जोराने दाबून सोडायची. गाडी एकदा वर येऊन शांत झाली तर तेल ठीक आहे. पाळण्यासारखी झुलत राहिली तर तेल किंवा सील संपले आहे. दोन्ही बाजूंचे शॉकअप सारखेच हवेत, नाहीतर चिमटा पिळवटतो.

शेवटी साखळी. चाक अधांतरी असताना ती सैल दिसते, म्हणून हौशी माणूस ती आवळून टाकतो. पण पुढचे दातेरी चाक, चिमट्याची बिजागरी आणि मागचा आस हे तीन बिंदू एका रेषेत आले की साखळी सर्वांत ताठ होते. त्या स्थितीतही तिला थोडी ढील उरली पाहिजे. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात साखळीच चाकाला वर जाण्यापासून अडवते. अंगणातले आमचे हे काम संपले तेव्हा भाचा कच्च्या रस्त्यावर एक फेरी मारून आला, आणि गाडी आता रस्त्याशी भांडत नाही, एवढेच म्हणाला. मला तेवढे पुरे होते.

आता पुन्हा शर्यतीकडे. १९५७ पासून मोटोक्रॉसचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. त्याच सुमारास इसेक्समधली 'ग्रीव्ह्ज' ही हलकी गाडी नाव मिळवू लागली. तिचा कर्ता बर्ट ग्रीव्ह्ज याने आरंभी आपल्या पांगळ्या चुलतभावाच्या खुर्चीला इंजिन जोडले होते. त्यातून अपंगांच्या गाड्यांचा कारखाना निघाला, आणि त्या कारखान्यातून १९५३ च्या सुमारास रबराच्या पिळावर झुलणाऱ्या फटफट्या. डेव्ह बिकर्स या स्वाराने तिच्यावर १९६० आणि १९६१ साली युरोपचे अडीचशे सी. सी. चे अजिंक्यपद पटकावले. अशा हलक्या गाड्यांनी वेग वाढवला, उड्या उंच झाल्या. पण मागच्या चाकाची चाल चारेक इंचांवरच अडून राहिली. उंच उडीनंतर चार इंच म्हणजे समुद्राला वाटीभर वाळूचा बांध.

तो बांध फोडला एका बापाने. बेल्जममधल्या लिएज येथे लुसियँ टिल्कन्स नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा मोटोक्रॉस खेळे. मुलाची गाडी खड्ड्यांतून कशी लाथाडते ते पाहून प्राध्यापकांनी मागचे दोन्ही शॉकअप काढून टाकले. चिमट्याला त्यांनी त्रिकोणी आकार दिला, आणि टाकीखाली एकच लांब शॉकअप जवळजवळ आडवा निजवला. व्हिन्सेंटच्या १९२८ च्या त्रिकोणाची आठवण व्हावी, असाच हा घाट! जुन्या पद्धतीच्या शॉकअपात तेल आणि हवा एकत्र असत. तो आडवा केला किंवा फार वेगाने हलवला की तेलाचा ताकासारखा फेस होई आणि मग तो काहीच जिरवीना. क्रिस्त्याँ द कार्बाँ या फ्रेंच संशोधकाने तेल आणि दाबाचा वायू वेगळे ठेवणारा शॉकअप काढला होता. तो आडवा ठेवला तरी चालतो. टिल्कन्सची युक्ती त्यामुळेच शक्य झाली. सुझुकीने ती पाहिली आणि नाकारली, यामाहाने घेतली. १९७३ साली हाकान अँडरसन या स्वीडिश स्वाराने त्या गाडीवर अडीचशे सी. सी. चे जागतिक अजिंक्यपद यामाहाला मिळवून दिले.

मग चढाओढ लागली. जर्मनीच्या माइको कंपनीने दोन शॉकअप ठेवले, पण त्यांची खालची टोके चाकापासून पुढे, चिमट्याच्या मध्याकडे सरकवली. युक्ती सोपी, तिचा हिशेब मात्र कडक. शॉकअप चिमट्याच्या बरोबर मध्यावर आला असे धरा. चाक आठ इंच हलले तर शॉकअप चारच इंच दबेल. पण तरफेच्या नियमाने त्यावर जोर दुप्पट येईल. म्हणजे निम्म्या दाबात दुप्पट जोर पेलायचा, तर स्प्रिंग चौपट कठीण हवी! शिवाय तेवढीच उष्णता आता तोकड्या हालचालीत जिरवायची. पुष्कळांनी चौकट कापून शॉकअप पुढे घेतले आणि स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या. गाड्या मटकन बसल्या, तेले उकळली. हिशेब ज्यांनी सांभाळला त्यांच्या चाकाची चाल १९७० चे दशक संपेपर्यंत चार इंचांवरून बारा इंचांवर गेली. हजारो वर्षे जे चाक आसाशी जखडले होते, त्याने सहा-सात वर्षांत हातभर झेप घेतली.

पुढचा अध्याय दांड्या-बिजागऱ्यांचा. चाल सुरू होताना मऊ आणि संपत आली की कठीण अशी मागची बाजू करायची, तर चिमटा आणि शॉकअप यांच्यामध्ये फिरत्या तरफा हव्यात. १९८० च्या आसपास कावासाकी, सुझुकी आणि होंडा यांनी एकामागून एक आपापल्या रचना आणल्या. सुझुकीच्या 'फुल फ्लोटर'च्या मुळाशी कोण, हा वाद न्यायालयात गेला. डोनाल्ड रिचर्डसन या अमेरिकन संशोधकाने आपली कल्पना कंपनीला दाखवली होती. १९८९ साली अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने त्याचे पेटंट वैध ठरवून ते भंगल्याचा निर्णय कायम केला. पुरस्काराच्या चषकावर स्वाराचे आणि कंपनीचे नाव कोरतात. ज्याने घरातल्या मेजावर कागदाला कागद लावून ती तरफ आखली, त्याच्या नावासाठी कधी कधी असे न्यायासनापर्यंत जावे लागते.

आज जुन्या गाड्यांच्या शर्यती पुन्हा भरतात. अमेरिकेतल्या अशा शर्यतींत सर्वांत जुन्या वर्गासाठी मागच्या चाकाची चाल चार इंचांहून अधिक असू नये, असा दंडक आहे. बारा इंच हाताशी असताना माणसे चार इंच हौसेने पत्करतात! मला त्यात नवल वाटत नाही. चार इंच लावून घेण्यासाठी जी नजर, जो कान आणि जो हात लागतो, तो बारा इंचांत हरवून जातो. आणि थोडक्यात भागवण्याची कला आपल्या घरांना नवी नाही.

तेव्हा या दिवाळीत कोणी भाचा-पुतण्या जुन्या फटफटीपुढे उकिडवा बसून मोजपट्टीने मडगार्डपासूनचे अंतर घेताना दिसला, तर त्याला हसू नका. मुलाच्या तीनचाकीपुढे डनलॉप असाच बसला असेल, भावाच्या खुर्चीपुढे ग्रीव्ह्ज आणि मुलाच्या गाडीपुढे टिल्कन्सही. त्याच्या हातात खडू द्या, आणि त्याचे मोजून झाले की एक चकलीही द्या.